कडीकाढे

१२ नोव्हेंबर

किल्ल्याची मोजणी करायला एक बाई आल्या आहेत. बाई कसल्या, तिशीतली मुलगीच. डोक्यावर टोपी, खांद्याला मोजफीत, पायांत कामगाराचे जाड बूट. पुरातत्त्व खात्यानं पाठवलं आहे. दारात उभी राहून म्हणाली, "सर, किल्ल्याबद्दल ज्याला विचारावं तो तुमच्याकडे बोट दाखवतो." खोटं कशाला लिहू, ऐकून बरं वाटलं. शाळेतून निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली. आताशा मला कोणी काही विचारत नाही. विचारलंच तर गुडघे कसे आहेत, एवढंच.

मी कपाटातून माझी पुस्तिका काढून तिच्यापुढे धरली. म्हणाली, "वाचलीय सर. मला पान तेवीसबद्दल बोलायचं होतं."

पान तेवीस म्हणजे किल्ला कसा पडला ते पान. आमच्या गावात ते लहान पोरालाही पाठ आहे. सात महिने वेढा पडला, तटाचा एक चिरा हलला नाही, आणि एका पहाटे समुद्रदरवाजावरच्या द्वाररक्षकानं कडी काढून शत्रूला आत घेतलं. शाळेत दरवर्षी त्याचं नाटक होतं. आता किल्ल्यात नवे फलक लागणार आहेत आणि दरवाजाजवळच्या फलकावर माझंच वाक्य येणार आहे. तीस तारखेला उद्घाटन. प्रमुख पाहुणा मी.

"बोलू की," म्हणालो. ती चहा घेऊन गेली.

"पान तेवीस का?" आमची ही म्हणाली आणि कप उचलून आत गेली. हिनं माझी पुस्तिका कधी वाचली नाही. वाचनाची आवडच नाही हिला. वर्तमानपत्र तेवढं पहिल्या ओळीपासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचते.

१५ नोव्हेंबर

आज मोजणीवालीबरोबर किल्ल्यावर गेलो. होडी नेहमीचीच. होडीवाली गावातल्या एका जुन्या घराची सून. सासरा होता तोवर तो चालवायचा, मग नवरा, आता नवऱ्याची कंबर गेल्यापासून सून. गावात त्या घराला 'कडीकाढे' म्हणतात. त्यांचे पूर्वज किल्ल्याच्या दरवाजावर नोकरीला होते, त्यावरून पडलेलं नाव. कोणी वाईट अर्थानं म्हणत नाही. माझ्याशी ती बाई बोलत नाही, मितभाषी आहे. आमच्या हिच्याशी मात्र तिचं चांगलं जमतं. ही दर गुरुवारी होडीतून एक फेरी मारून येते. समुद्राच्या हवेनं पाठ मोकळी होते म्हणते.

समुद्रातून येताना दरवाजा दिसत नाही, हे मी हजारो मुलांना सांगितलं असेल. दोन बुरूज एकमेकांच्या अंगावर आल्यासारखे बांधलेत. होडीचं नाक भिंतीला लागेल असं वाटतं, आणि मग एकदम डाव्या हाताला दार. समोर ओटा एवढासा, की दहा माणसं दाटीवाटीनं उभी राहतील. ओंडका घेऊन धावत येऊन दार फोडायला जागाच ठेवली नाही. मोजणीवालीनं मला तळाचे थरही दाखवले. मोठमोठे दगड, मधे चुना नाही, मुद्दाम फटी ठेवलेल्या. लाट आत शिरते, तिथल्या तिथे मोडते आणि निथळून परत जाते. "चुन्यानं गच्च भरलं असतं ना सर, तर पन्नास वर्षांत भिंत कोसळली असती." मी तिथे चाळीस वर्षं जातोय. फटी पाहून मला वाटायचं, चुना धुऊन गेला.

बाहेरचं दार ओलांडलं की दहा पावलं, मग काटकोनात वळण, मग आतलं दार. दोन दारांच्या मधे देवडी, म्हणजे पहारेकऱ्यांची खोली. तिथे उभं राहून मी नेहमीच्या आवाजात सांगितलं, "आणि इथेच त्या पहाटे..."

"कडी कुठे होती सर?"

"ही काय, इथे," म्हणून मी चौकटीवर हात ठेवला. हाताखाली सपाट दगड. दुसऱ्या बाजूला पाहिलं. तिथेही काही नाही. बिजागरीची भोकं आहेत, कडीचं एकही नाही. तिनं मला भिंतीतल्या एका चौकोनी भोकात हात घालायला लावला. खांद्यापर्यंत गेला तरी टोक लागेना. मग तिनं मोजपट्टी सरकवली. अकरा फूट.

"अडसर. आख्खा वासा. दार लावलं की भिंतीतून ओढायचा आणि समोरच्या खोबणीत बसवायचा. चार माणसं लागत असणार, खाऱ्या हवेनं फुगला की सहा. देवडीतला ओटा पाहा, चौघांच्या झोपण्याएवढा आहे. या दाराला कडी कधी नव्हतीच."

"म्हणायची पद्धत असते," मी म्हणालो. "कडी म्हणजे अडसरच."

"बरं. आणि तो एकट्यानं काढला?"

मी म्हणालो, ऊन फार झालंय, सावलीत जाऊन पाणी पिऊ.

होडीवाली पायरीवर दोर बांधत होती. वारा होता, तिला ऐकू आलं नसावं.

१६ नोव्हेंबर

मोजणीवाली संध्याकाळी आली. "सर, द्वाररक्षकाची गोष्ट तुम्हाला कुठल्या कागदात मिळाली? पुस्तिकेत तळटीप नाही."

मी म्हणालो, एका जुन्या दप्तरात होतं. नक्कल केली होती, पण तिला वाळवी लागली.

इतक्या सहज बोललो की माझं मलाच नवल वाटलं. तिनं वहीत लिहून घेतलं आणि "अरेरे" म्हणाली. मनापासून म्हणाली.

ती गेल्यावर ही हात पुसत बाहेर आली. "वाळवी? आपल्या घरात?"

"जुनी गोष्ट आहे गं."

"चाळीस वर्षांत या घरात मुंगी आली तरी मला विचारून आली."

घराच्या स्वच्छतेवर ठपका आला म्हणून रागावली.

२१ नोव्हेंबर

आज मोजणीवालीनं तळं दाखवायला नेलं. किल्ल्यात पाण्याची तीन टाकी आहेत. त्यांतलं सगळ्यात मोठं समुद्राकडच्या बुरुजाखाली, पावसाच्या पाण्यावर भरणारं. पाणी इतकं खाली गेलंय की तळ अर्धा उघडा पडलाय. वरच्या भिंतींवर छिन्नीचे घाव एकसारखे, ओळीनं, सवडीनं मारलेले. तळाशी मात्र वेडेवाकडे, खोल, घाईचे. "कुणीतरी पाणी संपत आल्यावर आणखी खोल खणायला घेतलंय," ती म्हणाली. मग तिनं कोपऱ्यातली एक चीर दाखवली. चिरेपाशी काठी रोवली, पाण्याच्या रेषेवर खडूनं खूण केली आणि म्हणाली, "डबा खाऊ, तोवर भरती येईल."

पोळी खाल्ली. परत गेलो. पाणी खुणेच्या वर वीतभर चढलं होतं. मी बोट बुडवून जिभेला लावलं. खारट.

ती बोलत होती आणि मी भिंत धरून उभा होतो. सात महिने वेढा. पाणी संपत आलं. तळ खणला, चीर फुटली, समुद्र आत आला. एका भरतीत सगळं पाणी गेलं. मग काय करणार? दरवाजा आतूनच उघडला असणार, किल्लेदाराच्या हुकुमानं, चारसहा माणसांनी मिळून अडसर ओढून.

"म्हणजे फितुरी नव्हतीच बहुतेक," ती म्हणाली. "पण तुम्ही पाहिलेल्या कागदात तसं स्पष्ट आहे म्हटल्यावर मला ते लिहावंच लागेल. दोन्ही लिहीन."

परतीच्या होडीत मी उलट्या तोंडानं बसलो.

२२ नोव्हेंबर

इथे तरी खरं लिहू.

कागद नव्हता. कधीच नव्हता. वेढा घालणाऱ्यांच्या सरदाराचं एक पत्र आहे, छापलेलं आहे, कोणीही पाहावं. त्यात किल्ला पडल्याबद्दल दोनच शब्द आहेत: दरवाजा उघडला. कोणी, का, कसा, काही नाही. चौतीस वर्षांपूर्वी मी पुस्तिका लिहिली तेव्हा छापखान्यात शेवटचं पान अर्धं कोरं राहत होतं. मालक म्हणाला, "मास्तर, शेवट मिळमिळीत झालाय, काहीतरी ठसकेबाज द्या की." मी तिथेच यंत्राशेजारच्या स्टुलावर बसून लिहून दिलं. दहा मिनिटं लागली असतील. दरवाजा उघडला म्हणजे कोणीतरी उघडला असणार. दारावर द्वाररक्षक होता, म्हणजे त्यानंच. कडी मला कुठून सुचली तेही आता कळलं. आमच्या मागच्या दाराला आहे.

तेव्हा त्या घराचा विचार मनात आला होता का? आठवत नाही. गावात एकच घर आपण द्वाररक्षकांचे वंशज असं सांगायचं, आणि अभिमानानं सांगायचं. मला ते माहीत होतं. माहीत होतं, म्हणजे विचार आलाच असणार.

२४ नोव्हेंबर

काही लिहिण्यासारखं नाही. दोनदा मोजणीवालीच्या खोलीपर्यंत जाऊन आलो.

२७ नोव्हेंबर

तिनं अहवालाचा कच्चा मसुदा वाचायला पाठवला. सुंदर लिहिते. बेचाळिसाव्या पानावर: 'स्थानिक अभ्यासकांनी प्रत्यक्ष पाहिलेल्या, परंतु वाळवीमुळे नष्ट झालेल्या कागदानुसार...' माझी वाळवी सरकारी कागदात गेली. आता पुढे शंभर वर्षं कोणी ना कोणी तिचा हवाला देईल.

वाचता वाचता आठवीचा वर्ग आठवला. पुस्तिका निघाली त्या वर्षीचा. खिडकीकडच्या रांगेत तिसऱ्या बाकावर त्या घरातली मुलगी बसायची. नकाशे असे काढायची की मी बाकीच्यांना दाखवत असे. नाटक बसवलं तेव्हा पोरं तिला म्हणाली, तुझ्या आजोबांचं काम तूच कर. मी वर्गात होतो. हसलो असेन. आठवतंय, हसलो. त्यानंतर कोणी वर्गाचं दार लावायला उठलं की मागून आवाज यायचा, "कडी नीट लाव रे, ती बसलीय." सहामाहीनंतर ती येईनाशी झाली. हजेरीपटात मी लाल शाईनं तिच्या नावावर रेघ मारली. कारणाच्या रकान्यात 'घरगुती' असं लिहिलं.

ही विचारत होती, जेवण का जात नाही. म्हटलं, पोट बरं नाही.

"पोटच ना?" म्हणाली.

३० नोव्हेंबर

उद्घाटन झालं.

सकाळी दहाला सगळे दरवाजापाशी जमलो. खात्याचे साहेब आले, मुख्याध्यापक आले, शाळेची मुलं रांगेत. फलकावरचा पडदा मी ओढला. वाक्य माझं, खाली नाव माझं. मोजणीवाली एका बाजूला उभी होती. ही आली नाही. गुडघा दुखतो म्हणाली. गुडघे माझे दुखतात.

मला बोलायला सांगितलं. भाषण मी चार दिवस घोकत होतो. 'मित्रहो, या फलकावरचं वाक्य खोटं आहे आणि ते मी रचलेलं आहे.' एवढंच होतं. ध्वनिक्षेपक हातात घेतला. समोर मुलं, त्यांच्या मागे पायरीवर होडीवाली, हातात दोर. मी म्हणालो, "इतिहास ही सतत बदलणारी गोष्ट आहे. नवं संशोधन होत असतं. आपण मन मोकळं ठेवलं पाहिजे."

टाळ्या पडल्या.

साहेबांनी गुलाब दिला. होडीतून उतरताना पाण्यात टाकला. तो होडीबरोबर तरंगत राहिला आणि होडीवाली त्याच्याकडे पाहत राहिली.

१ डिसेंबर

एक गोष्ट अजून लिहिली नाही. बावीस तारखेला लिहायची होती, सत्तावीसला लिहायची होती.

ती मुलगी शाळेत येईनाशी व्हायच्या आधी तिचा बाप माझ्याकडे आला होता. रविवार होता, दुपार. धुतलेला सदरा घातला होता. पुस्तिका कापडात बांधून आणली होती, भिजू नये म्हणून. व्हरांड्यात मी बस म्हटलं तरी बसला नाही.

"सर, आमच्यात असं कधी ऐकलेलं नाही," म्हणाला. "आजोबा सांगायचे, आमची माणसं दारावरच मेली. एवढं वाक्य काढता येईल का? पोरीला शाळेत फार चिडवतात."

मी काय म्हणालो ते मला शब्दाला शब्द आठवतं. म्हणालो, "कागदात आहे ते मी कसं बदलू? कोणाला वाईट वाटतं म्हणून इतिहास बदलत नाही."

"कागदात आहे होय," तो म्हणाला. "मग काय बोलणार." आणि त्यानं पुस्तिका परत कापडात बांधली. गाठ नीट बसेना, दोनदा सोडून बांधली.

ही दोन कप चहा घेऊन बाहेर आली तेव्हा तो फाटकाबाहेर गेला होता. हिनं कप तसेच आत नेले. काही विचारलं नाही. स्वयंपाकघरात होती, तिला काही ऐकू गेलं नसणार.

दहा मिनिटांत लिहिलेलं खोटं एक वेळ समजून घेता येईल. पण त्या दिवशी माझ्यासमोर माणूस उभा होता. मला फक्त 'काढतो' म्हणायचं होतं.

३ डिसेंबर

मोजणीवालीला सांगितलं. ती नकाशावर रेघ ओढत होती. रेघ पूर्ण केली, पेन्सिल खाली ठेवली.

"म्हणजे वाळवी नाही."

"नाही."

"आणि कागदही नाही."

"नाही."

मला वाटलं, म्हणेल, सर, हे सांगायला मोठं मन लागतं. मी तशी वाट पाहत होतो, हे लिहायलाच हवं.

ती म्हणाली, "सर, मी पंधरा दिवस तुमच्या त्या कागदाला जागा करून देत होते. पाणी, अडसर, सगळं एकीकडे सांगत होतं. मी स्वतःला म्हणत होते, तूच चुकतेयस, सरांनी डोळ्यांनी पाहिलंय." मग खोडरबर घेतलं आणि बेचाळिसावं पान उघडलं. "फलक बदलायचा प्रस्ताव आज पाठवते. वरून मंजूर व्हायला सहा महिने तरी लागतील. तोवर लोक तेच वाचणार." मी उठलो तेव्हा म्हणाली, "मला सांगून काय उपयोग आहे, सर?"

५ डिसेंबर

सकाळच्या पहिल्या होडीत गेलो. मी एकटाच उतारू. मधेच बोलायला लागलो तर होडीवाली म्हणाली, "आता नको मास्तर. वळण आलंय, इथे पाणी ओढतं." मग पलीकडे लागल्यावर दोर बांधला, इंजिन बंद केलं, ओट्यावर बसली. "हं, बोला."

मी सगळं बोललो. छापखाना, कोरं पान, मागच्या दाराची कडी. ती पाण्याकडे पाहत ऐकत होती. मी थांबलो तेव्हा म्हणाली, "बाई म्हणाल्या होत्या, कधीतरी येतील म्हणून."

"कोण बाई?"

"तुमच्या घरच्या. वीस वर्षं म्हणतायत. दर गुरुवारी. 'या महिन्यात नाही, पण येतील.' मी म्हणायचे, बाई, कशाला उगाच." तिनं डोळे पुसले की घाम पुसला, कळलं नाही. "म्हातारा असता तर बरं झालं असतं. आता मला सांगून काय करणार? माझं माहेर दुसरीकडे. मी लग्न करून त्या नावात आले. सांगायचं तर नणंदेला सांगा. ती कारखान्यात असते, कपडे कापायच्या विभागात. पत्ता देते."

घरी आलो. ही पालक निवडत होती. मी समोर बसलो. शेवटी म्हटलं, "तुला माहीत होतं?"

"मागच्या दाराला कडी मीच बसवून घेतली होती," ही म्हणाली. "पान तेवीस वाचलं त्या दिवशीच कळलं, कुठली ते."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही माझ्यासाठी केलं असतंत." आणि पालकाची जुडी माझ्यापुढे सरकवली. "पिवळी पानं काढा."

६ डिसेंबर

पत्र टाकलं. सात कागद फाडले. फाडलेल्या सगळ्यांत माझा मनस्ताप फार होता. टाकलेल्यात फक्त काय केलं ते लिहिलं.

१४ डिसेंबर

ती आली. रविवारची सुट्टी काढून, सहा तासांचा प्रवास करून. होडीवालीनं निरोप पाठवला, घरी या. मी आणि ही दोघं गेलो.

मी ओळखलं नसतं. केस पांढरे झालेत, चष्मा आहे. हाताच्या अंगठ्याला कात्रीचा घट्टा. उठून उभी राहिली, सवयीनं, मास्तर वर्गात आल्यावर राहतात तशी. मग स्वतःच्याच लक्षात आलं आणि बसली.

मी हात जोडले. म्हणाली, "ते राहू दे सर. मला एकच विचारायचंय. पत्रात लिहिलंय की बाबा तुमच्याकडे आले होते. तुम्ही त्यांना नक्की काय म्हणालात?"

मी सांगितलं. शब्दाला शब्द.

तिनं भावजयीकडे पाहिलं. भावजय भिंतीला टेकली.

"बाबा घरी येऊन वेगळंच म्हणाले," ती म्हणाली. "म्हणाले, सर चांगले आहेत. चूक झाली म्हणाले. पुढच्या आवृत्तीत काढतो म्हणाले."

माझे जोडलेले हात खाली आले.

"आम्ही वाट पाहायचो. नवी आवृत्ती निघाली की बाबा त्याच दिवशी आणायचे. त्यांना बारीक अक्षर दिसायचं नाही, मग मी वाचायची. ते म्हणायचे, तेवीस काढ. मी काढायची. तसंच असायचं. ते म्हणायचे, छापून गेलं असेल आधीच, पुढच्या वेळी करतील." तिनं आत जाऊन फळीवरून पुस्तिका आणल्या आणि माझ्यासमोर ठेवल्या. पाच होत्या. एकेक कापडात बांधलेली. "मला वाटायचं, सरांनी शब्द दिला आणि मोडला. म्हणजे ते तसंही नव्हतं. त्यांनीच तुमच्या वतीनं शब्द दिला होता. मला शाळेत परत पाठवायचं होतं ना त्यांना. पण मी काही गेले नाही."

"आणि शेवटची?" हिनं हळूच विचारलं. पाचवी आवृत्ती मी दहा वर्षांपूर्वी काढली होती, रंगीत मुखपृष्ठाची.

होडीवाली बोलली. "तेव्हा ते अंथरुणावर होते. हिला सुट्टी मिळाली नाही, मी वाचली. ते वाक्य आलं तेव्हा मी गाळलं. वरचं वाचलं आणि सरळ खालच्यावर गेले. त्यांनी विचारलं, 'नाही ना गं?' मी म्हटलं, नाही, काढलंय. मग म्हणाले, 'बघ. सर शब्दाचे पक्के.'"

हिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मला रडू येत होतं, पण त्या घरात रडायचा मला हक्क नव्हता. मी पाचवी पुस्तिका उचलली आणि परत ठेवली. गाठ मला बांधता येईना. तिनं माझ्या हातातून घेऊन बांधली.

निघताना मी म्हटलं, तू सांगशील ते करतो. वर्तमानपत्रात देतो, साहेबांना लिहितो.

"वर्तमानपत्र कोण वाचतं," ती म्हणाली. "लोक तिथे दरवाजात उभे राहून फलक वाचतात. तिथेच उभं राहून सांगा. फलक बदलेपर्यंत."

"रोज?"

"रविवारी गर्दी असते," ती म्हणाली. "रविवारी सांगा."

२१ डिसेंबर

आज पहिला रविवार.

ती पुन्हा आली होती. मला वाटलं नव्हतं. होडीत माझ्यापासून दूर, भावजयीजवळ बसली. ही माझ्या शेजारी. उतारू चाळीसेक: एका कुठल्यातरी कार्यालयाची सहल, दोनतीन कुटुंबं, कॅमेरे. मोजणीवाली शिडीवर चढून वरच्या कमानीचं माप घेत होती. आम्हाला पाहून खाली उतरली.

वाटाड्या नेहमीसारखा देवडीत सगळ्यांना गोळा करून सुरू झाला. हा माझाच विद्यार्थी, आवाज चांगला आहे. "आणि मंडळी, हेच ते ठिकाण, जिथे त्या पहाटे..."

मी हात वर केला. मुलं वर्गात करतात तसा. तो थांबला. "सर? या ना सर, मंडळी, हे आमचे सर, यांनीच ही सगळी गोष्ट..."

मी पुढे झालो. फलकाला पाठ केली तरी माझं नाव मागे आहे हे जाणवत होतं. कोणीतरी कॅमेरा वर केला. मी सुरुवात केली, "ही गोष्ट खरी नाही. मी लिहिली. माझ्याकडे कसलाही कागद नव्हता." समोरची माणसं एकमेकांकडे पाहू लागली. एक जण शेजारच्याला म्हणाला, "आजोबांना ऊन लागलंय." कोणीतरी हसलं. वाटाड्या माझ्या दंडाला धरून हळूच म्हणाला, "सर, बसता का जरा?" माझा आवाज आणखी खाली गेला. अडसर, चार माणसं, तळ्यातलं खारं पाणी, सगळं मी स्वतःच्या छातीशीच पुटपुटत होतो. मान खाली होती. मला फक्त लोकांच्या चपला दिसत होत्या.

तेवढ्यात गर्दीच्या अगदी शेवटून, वळणापाशी उभी होती तिथून, तिसऱ्या बाकावरच्या त्या मुलीचा आवाज आला. चढा नव्हता, रागाचाही नव्हता.

"सर, मोठ्यानं. इथे मागे काही ऐकू येत नाहीये."

मी मान वर केली आणि पहिल्यापासून सुरू केलं.